आंबटपणाचा शोध

दिवाळी आठ दिवसांवर आली की घरोघरी तांब्यापितळेची भांडी फळीवरून खाली उतरतात. काळवंडलेल्या समया, निरांजने, तांब्याचा बंब यांना चिंचेचा कोळ चोळला की हां हां म्हणता ती झळाळू लागतात. पुढे नरकचतुर्दशीची पहाट उजाडते. उटण्यातल्या हळदीचा पिवळा डाग पंचाला लागतो. आणि तो घालवण्यासाठी साबण चोळावा, तर डाग जाण्याऐवजी लालसर होऊन बसतो. या दोन्ही गोष्टी आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांचे कोणालाच नवल वाटत नाही. पण या क्षुल्लक घटनांच्या मागे एक प्रश्न दडलेला आहे. आंबट पदार्थात असे काय असते की ज्यामुळे तो आंबट होतो? आणि साबण, चुना, पापडखार ही मंडळी नेमकी त्याच्या उलट का वागतात? प्रश्न दिसायला पोरकट आहे. परंतु त्याचे उत्तर शोधण्यात युरोपातल्या भल्याभल्या पंडितांची जवळजवळ तीनशे वर्षे गेली, आणि त्यांतला जो सर्वांत मोठा, तोच या प्रश्नापाशी सपशेल चुकला. ती हकीकत मोठी मनोरंजक आहे.

आरंभी या पदार्थांची पारख करायला माणसाजवळ एकच साधन होते. ते म्हणजे त्याची जीभ. 'आम्ल' हा शब्द मुळात चवीचा आहे. आपल्या षड्रसांतला तो एक रस. तिकडे लॅटिन भाषेत 'ॲसिडस' म्हणजे आंबट. त्यावरूनच इंग्रजीतले 'ॲसिड' आले. दुसऱ्या बाजूचे नाव मात्र राखेतून आलेले आहे. खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झुडपांच्या राखेला अरब लोक 'अल-कली' म्हणत. ही राख कपडे धुण्याच्या आणि काच करण्याच्या कामी येई. हाच शब्द युरोपात जाऊन 'अल्कली' झाला. आपल्याकडेही असल्या खारांना तोटा नव्हता. सज्जीखार, जवखार, टाकणखार, पापडखार ही नावे आजही वाण्याच्या दुकानातून अगदीच हद्दपार झालेली नाहीत. विदर्भातले लोणारचे सरोवर तर निसर्गाने स्वतःच भरून ठेवलेला खाराचा रांजण आहे. काच आणि साबण यांना लागणारे द्रव्य त्या परिसरात मिळते, अशी नोंद अकबराच्या काळी लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त सापडते.

राखेतल्या या क्षाराविषयी सुश्रुतसंहितेत मोठी सूक्ष्म माहिती आहे. शस्त्र न चालवता दूषित मांस जाळून काढण्यासाठी क्षार कसा तयार करावा, हे सुश्रुताने पायरीपायरीने सांगितले आहे. वनस्पतींची राख पाण्यात कालवायची, ते पाणी फडक्यातून गाळायचे, त्यात भाजलेल्या चुनखडीची आणि शिंपल्यांची पूड घालून आटवायचे, आणि तयार झालेला क्षार लोखंडी भांड्यात ठेवायचा. मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे त्याचे तीन प्रकारही त्याने सांगितले आहेत. विशेष म्हणजे, क्षाराने भाजल्यावर दाह शमवण्यासाठी आंबट पदार्थ लावावा, कारण आम्लाशी संयोग झाला की क्षार आपली तीक्ष्णता सोडून देतो, असे तो स्पष्ट सांगतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली आपल्या प्राचीन रसायनविद्येच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा या प्रकरणाकडे त्यांनी जगाचे लक्ष वेधले होते. तात्पर्य, दोन जहाल पदार्थ एकत्र आले की दोघेही निवतात, ही गोष्ट फार पूर्वीपासून माणसाला माहीत होती. असे का होते, हे मात्र कोडेच होते.

पुढे मध्ययुगाच्या अखेरीस किमयागारांनी हिराकस, सोरा, तुरटी असले पदार्थ भट्टीवर चढवून त्यांतून जालीम तेजाबे गाळली. लोखंड खाणाऱ्या आणि चांदी विरघळवणाऱ्या या द्रवांपुढे जिभेची कसोटी कुचकामाची ठरली. तेजाब चाखून पाहणार कोण? तेव्हा जिभेचे काम डोळ्यांकडे सोपवणे भाग पडले, आणि ते पद्धतशीरपणे केले रॉबर्ट बॉइल या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञाने. रंगांविषयीच्या आपल्या प्रयोगांचे पुस्तक त्याने १६६४ साली प्रसिद्ध केले. त्यात त्याने दाखवले की, व्हायोलेटच्या निळसर जांभळ्या फुलांच्या पाकात आम्लाचा थेंब टाकला की तो तांबडा होतो, आणि अल्काचा थेंब टाकला की हिरवा होतो. दगडफुलाच्या गोत्रातल्या काही वनस्पतींपासून निघणारा लिटमस हा रंगही असाच पालटतो: आम्लात तांबडा, अल्कात निळा. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सर्वांनी हाताळलेला तो कागद यातूनच आला. पंचावरच्या हळदीचीही हीच कथा आहे. साबण अल्कधर्मी, म्हणून त्याने हळद लाल होते. त्याच डागावर लिंबू पिळले की ती पुन्हा पिवळी होते. हळदीला चुना लागला की कुंकवासारखा रंग येतो, हे आपल्या आज्या-पणज्यांना बॉइलच्या पुस्तकावाचून ठाऊक होते.

रंगाने ओळख पटली. पण ओळख पटणे निराळे आणि स्वभाव कळणे निराळे. स्वभावाची पहिली लोकप्रिय उपपत्ती फ्रान्समधल्या निकोला लेमरी याने १६७५ साली मांडली. त्याच्या मते आम्लाच्या कणांना सुईसारखी टोके असतात, म्हणून ते जिभेला टोचतात. अल्काच्या कणांना भोके असतात. टोके भोकांत घुसली की मोडतात, फसफसाट होतो, आणि दोघांचाही जोर संपतो. ही कल्पना आज हास्यास्पद वाटते. पण चवीचे कारण पदार्थाच्या अंतरंगात शोधायचे, ही दिशा काही चुकीची नव्हती. पुढे १७५४ साली रुएल या फ्रेंच अध्यापकाने दुसऱ्या बाजूला 'बेस' म्हणजे 'पाया' असे नाव दिले. आम्ले बहुधा पातळ किंवा उडून जाणारी. त्यांना धरून ठेवून घनरूप लवण बनवायला जो आधार देतो, तो पाया. आपल्या पाठ्यपुस्तकांनी यालाच 'आम्लारी' असे नाव दिले आहे, म्हणजे आम्लाचा अरि, आम्लाचा शत्रू. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

या रुएलच्या व्याख्यानांना पॅरिसमध्ये एक तरुण येऊन बसत असे. त्याचे नाव आंत्वान लाव्हाझिये. हाच पुढे आधुनिक रसायनशास्त्राचा जनक ठरला. तराजू हे त्याचे शस्त्र. कोणताही पदार्थ जळतो म्हणजे हवेतल्या एका विशिष्ट वायूशी त्याचा संयोग होतो, हे त्याने काटेकोर वजने करून सिद्ध केले. मग त्याच्या लक्षात आले की, गंधक जाळून निघणारा वायू पाण्यात विरवला की आम्ल मिळते. फॉस्फरस जाळला तरी आम्ल. कोळसा जाळला तरी सौम्य का होईना, आम्लच. तिन्ही ठिकाणी समान काय? तो वायू! झाले, लाव्हाझियेने अनुमान काढले की आंबटपणाचे बीज याच वायूत आहे, आणि जगातले प्रत्येक आम्ल त्याच्यामुळेच आम्ल झालेले आहे. त्याने ग्रीक शब्द जोडून त्या वायूचे नाव ठेवले 'ऑक्सिजन', म्हणजे 'आम्ल निर्माण करणारा'.

या सिद्धान्ताला एक काटा पहिल्यापासून टोचत होता. मिठापासून निघणारे जे आम्ल, ज्याला आज हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणतात, त्यात ऑक्सिजन काही केल्या सापडेना. परंतु लाव्हाझिये डगमगला नाही. मिठाच्या आम्लात ऑक्सिजन एका अज्ञात मूलद्रव्याला इतका घट्ट चिकटला आहे की तो आपल्याला सुटा करता येत नाही, असे त्याने गृहीत धरले. आणि १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथातील मूलद्रव्यांच्या यादीत त्या अज्ञात द्रव्याला चक्क एक जागा देऊन टाकली! पाच वर्षांनी, ८ मे १७९४ रोजी, राज्यक्रांतीच्या धुमाळीत या थोर पुरुषाचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. सरकारी कर वसूल करणाऱ्या मंडळीचा भागीदार असणे हे त्याला भोवले. तो गेला, पण त्याचा शब्द उरला. आणि हुतात्म्याच्या शब्दाला हात लावायला सहसा कोणी धजत नाही.

हात लावला तो एका लाकडावर कोरीवकाम करणाऱ्याच्या मुलाने. इंग्लंडच्या पश्चिम टोकाला पेन्झन्स या गावी १७७८ साली जन्मलेला हंफ्री डेव्ही हा लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अध्यापक झाला, तेव्हा व्होल्टाची विद्युत्घटमाला नुकतीच अवतरली होती. डेव्हीने ती वितळलेल्या पोटॅशला जोडली. ऑक्टोबर १८०७ मधली ही गोष्ट. तारेच्या टोकाशी पाऱ्यासारखे चकचकीत गोळे दिसू लागले आणि त्यांतले काही फटकन पेटून उठले. पोटॅशियम हे नवे मूलद्रव्य जन्माला आले होते! त्या आनंदात डेव्ही प्रयोगशाळेत अक्षरशः नाचला, असे तेथे हजर असलेल्या त्याच्या चुलतभावाने लिहून ठेवले आहे. थोड्याच दिवसांत सोड्यातून सोडियमही निघाले. पण या आनंदापेक्षा मोठी गोष्ट पुढेच होती. पोटॅश आणि सोडा हे दोघे तर अल्कांचे मुकुटमणी; आणि त्यांच्या पोटात धातूच्या जोडीला निघाला ऑक्सिजन! ज्याला आम्लाचे बीज म्हणून गौरवले, तो आम्लाच्या वैऱ्याच्या घरात राहत होता. मग या वायूला अल्कजनक तरी का म्हणू नये, अशा अर्थाची टिप्पणी डेव्हीने त्याच वर्षीच्या आपल्या व्याख्यानात केली.

तरीही लाव्हाझियेच्या अनुयायांना एक पळवाट होती. ऑक्सिजन अल्कांत असेना का. तो सर्व आम्लांत आहे, एवढे तर खरे! मग डेव्हीने मिठाच्या आम्लाचाच पिच्छा पुरवला. या आम्लापासून एक पिवळसर हिरवा, गुदमरवणारा वायू निघतो, हे शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७४ सालीच दाखवले होते. आणि मिठाच्या आम्लात आणखी ऑक्सिजन मिसळून तो झालेला आहे, अशी फ्रेंच पंडितांची समजूत होती. डेव्हीने त्या वायूत कोळसा ठेवला आणि विजेच्या प्रवाहाने तो पांढराशुभ्र होईतो तापवला. ऑक्सिजन असता तर कोळशाने तो ओढून घेतलाच असता. पण कोळसा जसाच्या तसा! ऑक्सिजन घट्ट चिकटून बसला नव्हता; तो तेथे नव्हताच. १८१० साली डेव्हीने जाहीर केले की हा हिरवा वायू स्वतःच एक मूलद्रव्य आहे, आणि मिठाचे आम्ल म्हणजे हा वायू आणि हायड्रोजन यांचा संयोग, दुसरे काही नाही.

आता या मूलद्रव्याला नाव काय द्यावे? येथे डेव्हीचे शहाणपण दिसून आले. त्याने कोणत्याही सिद्धान्ताचा टिळा त्याच्या कपाळी लावला नाही. ग्रीक भाषेत पिवळट हिरव्याला 'क्लोरोस' म्हणतात, म्हणून 'क्लोरीन'. सिद्धान्त उद्या बदलेल, रंग बदलणार नाही, हा त्यामागचा विचार. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात त्या वेळी घनघोर युद्ध चालू होते, आणि एका इंग्रजाने फ्रेंचांच्या सर्वश्रेष्ठ शास्त्रज्ञाचे मत खोडून काढले होते. तरी त्याच फ्रेंचांनी विद्युत्रसायनातल्या कामगिरीबद्दल डेव्हीला पारितोषिक दिले होते, आणि १८१३ साली युद्ध चालू असतानाच तो फॅरडेला बरोबर घेऊन पॅरिसला गेला. स्वीडनचा बर्झीलियस मात्र क्लोरीनच्या बाबतीत जुन्या मताला आणखी कित्येक वर्षे चिकटून होता.

ऑक्सिजनचे सिंहासन रिकामे झाले, तेव्हा त्यावर हायड्रोजन येऊन बसला. सर्व परिचित आम्लांत हायड्रोजन असतो. पण तो तर तेलातही असतो, साखरेतही असतो. ते पदार्थ कोठे आंबट लागतात? जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८३८ साली याचा निवाडा केला. ज्याच्या जागी धातू येऊन बसू शकतो असा हायड्रोजन ज्या पदार्थात आहे, ते आम्ल. व्याख्या चोख होती. पण अशी अदलाबदल मुळात का होते, हे लीबिगला सांगता आले नाही.

ते सांगितले स्वान्ते अर्‍हेनियस या स्वीडिश तरुणाने. १८८४ साली उप्साला विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्याने पाण्यात विरघळलेल्या पदार्थांतून वीज कशी वाहते याचा विचार केला, आणि पुढच्या तीन वर्षांत त्यातून पुरता सिद्धान्त उभा राहिला. पाण्यात पडताच असे पदार्थ आपोआप फुटतात आणि विद्युत्भार घेतलेले कण, म्हणजे आयन, सुटे होतात. आम्लातून हायड्रोजनचा धन आयन सुटतो, अल्कातून हायड्रॉक्साइडचा ऋण आयन सुटतो, आणि हे दोघे भेटले की होते पाणी. सुश्रुताचा क्षार आंबटाने निवतो त्याचे रहस्य हेच! निरनिराळी जहाल आम्ले आणि जहाल अल्क यांच्या जोड्या लावल्या तरी समप्रमाणात निघणारी उष्णता जवळजवळ सारखीच का भरते, हे कोडेही यामुळे सुटले. नावे कोणतीही असोत, प्रत्येक वेळी घडत असते ते एकच: पाणी तयार होणे. अर्‍हेनियसच्या परीक्षकांना मात्र ही कल्पना पचली नाही. प्रबंध जेमतेम पास झाला, आणि विद्यापीठात पुढे शिकवण्याची त्याची वाट जवळजवळ बंद झाली. जर्मन शास्त्रज्ञ ओस्टवाल्ड याने त्याचे मोल ओळखले आणि त्याला भेटायला तो स्वतः उप्सालाला गेला, म्हणून निभावले. १९०३ साली त्याच अर्‍हेनियसला नोबेल पारितोषिक मिळाले.

सुटे हायड्रोजन आयन किती, हे मोजता येऊ लागल्यावर आंबटपणाला मोजपट्टीही मिळाली. ती केली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या सॉरेन्सन याने, १९०९ साली. ही प्रयोगशाळा बिअर गाळणाऱ्या कारखान्याच्या आश्रयाने चालत होती. या मापाला पीएच म्हणतात. आपल्या शेतकऱ्यांच्या माती-तपासणीच्या कागदावर तेच 'सामू' या नावाने येते. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. आणि प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या दसपट. लिंबाच्या रसाचा सामू सुमारे २, लोणारच्या पाण्याचा सुमारे १०. जमिनीचा सामू साडेआठाच्या वर चढला की ती चोपण होऊ लागली असे समजावे. आपल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद वाटेवरून चालतो. तो या वाटेवरून फार ढळला तर प्राणावर बेतते. आंबट कशाने होते हा प्रश्न पोरकट नव्हता, तो असा.

येथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण कल्हईवाल्याचा नवसागर आडवा आला. मिठाचे आम्ल आणि अमोनिया यांच्या उघड्या बाटल्या शेजारी ठेवल्या की मधल्या हवेत पांढरा धूर दाटतो, तो नवसागराचा. आम्ल आणि अल्क यांचे हे मीलन पाण्यावाचून घडते. आणि अमोनियाच्या अंगी हायड्रॉक्साइडचा तर पत्ताच नाही! १९२३ साली कोपनहेगनचा ब्रन्स्टेड आणि केंब्रिजचा लौरी या दोघांनी एकमेकांच्या नकळत एकच उत्तर दिले. हायड्रोजनचा धन आयन म्हणजे नुसता प्रोटॉन. जो प्रोटॉन देतो तो आम्ल, जो घेतो तो आम्लारी. मिठाचे आम्ल देते, अमोनिया घेतो. बस्स, झाला नवसागर.

या साध्या वाक्याने केवढी उलथापालथ केली पाहा. आता कोणताही पदार्थ जन्मतः आम्ल किंवा जन्मतः आम्लारी राहिला नाही. समोर कोण आहे, यावर त्याची भूमिका ठरू लागली. मिठाच्या आम्लापुढे पाणी प्रोटॉन घेते, म्हणजे आम्लारी होते; तेच पाणी अमोनियापुढे प्रोटॉन देते, म्हणजे आम्ल होते. इतकेच काय, चांदी विरघळवणारे सोऱ्याचे तेजाबसुद्धा गंधकाच्या तीव्र तेजाबापुढे आले की प्रोटॉन घेऊन आम्लारीची भूमिका वठवते. सासरी सून असलेली मुलगी माहेरी लेक असते, तशातला हा प्रकार. आणि 'आम्लारी' या नावातला तो 'अरि'? देणाऱ्याला घेणारा भेटल्यावाचून देता येत नाही. म्हणजे ज्याला आपण शत्रू म्हणत आलो, त्याच्यावाचून आम्लाला आपले आम्लपण दाखवताच येत नाही.

त्याच १९२३ साली अमेरिकेच्या गिल्बर्ट लुइसने तर आणखी पुढचे पाऊल टाकले. प्रोटॉन तरी कशाला हवा? जो इलेक्ट्रॉनांची जोडी देऊ करतो तो आम्लारी, जो ती स्वीकारतो तो आम्ल. या दृष्टीने पाहिले तर ज्यात हायड्रोजनचा अंशही नाही असे पदार्थही आम्ल ठरतात. हायड्रोजनाचा आग्रह धरणे म्हणजे लाव्हाझियेने ऑक्सिजनचा धरला तसलेच नव्हे काय? आज शास्त्रज्ञ या तिन्ही व्याख्या प्रसंग पाहून वापरतात; आणि लिटमसचा कागदही फेकून दिलेला नाही.

लाव्हाझियेची चूक मात्र आजही साऱ्या जगाच्या तोंडी आहे. 'ऑक्सिजन' म्हणजे आम्लजनक. जर्मनांनी तर त्याचे सरळ भाषांतर करून 'आंबट द्रव्य' असेच नाव ठेवले आहे. सिद्धान्त मेला, नाव चिरंजीव झाले. आपल्या मराठीने या वायूला 'प्राणवायू' म्हटले, आणि त्या जुन्या चुकीतून ती सहज सुटली. तो वायू आंबटपणा देत नाही, श्वास देतो, हेही मुळात लाव्हाझियेनेच प्रयोगांनी दाखवले होते. त्याने शिकवलेला तराजू हाती घेऊनच पुढच्यांनी त्याचे मत तोलले आणि उणे ठरवले. गुरूची याहून मोठी पूजा शिष्यांना बांधता आली नसती.